कमिशन कराराचा तयार संच : सूत्र पक्के, पण कमिशन 'कमावले' केव्हा?

विक्री प्रतिनिधींच्या कमिशनसाठी करारांचे तयार मसुदे विकणाऱ्या ऑनलाइन सेवा अलीकडे बऱ्याच झाल्या आहेत. मालकाने पैसे भरावेत, वीस-पंचवीस प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि कंपनीचे नाव, कमिशनचा दर, टार्गेट व हिशेबाचा कालावधी योग्य त्या जागी बसलेला करार हाती पडावा, अशी त्यांची रचना असते. आठ विक्री प्रतिनिधी असलेल्या एका छोट्या कंपनीसाठी मी असा एक संच घेतला आणि वर्षभर वापरला. त्यात तीन मसुदे आहेत : पगार अधिक कमिशन, उचल अधिक कमिशन आणि स्वतंत्र प्रतिनिधी. सोबत हिशेबाची एक एक्सेल फाइल, मालकांसाठी चाळीसएक पानांची मार्गदर्शिका आणि वर्षभर ईमेलने प्रश्न विचारण्याची सोय आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. मला तिचे दोष बरेच सांगायचे आहेत, शिवाय इतर दोन सेवांची नमुना पाने चाळली तेव्हा महत्त्वाची कलमे जवळजवळ शब्दशः तीच निघाली, म्हणून हे परीक्षण एका विक्रेत्यापेक्षा त्या सगळ्यांच्या सामाईक साच्याचे आहे असे समजावे.

मी अकरा वर्षे स्वतः टार्गेट घेऊन फिरले आणि गेली सहा वर्षे विक्री विभागाचे हिशेब सांभाळते. त्यामुळे हा मसुदा कमिशन मागणाऱ्याच्या नजरेने एकदा आणि कमिशन मोजणाऱ्याच्या नजरेने एकदा, असा दोनदा वाचून झाला. वाचून भागत नाही म्हणून जुन्या फायलींतून तीन प्रसंग काढले आणि प्रत्येक प्रसंगाला हा करार काय उत्तर देतो ते पाहिले : ऑर्डर आणून माणूस राजीनामा देतो, कमिशन दिल्यानंतर माल परत येतो आणि वर्षाच्या मध्यावर मॅनेजमेंट दर बदलते. कमिशनवरून होणारी बहुतेक भांडणे या तिघांपैकी एकातून उगवतात, असा माझा अनुभव आहे.

चांगल्या गोष्टीपासून सुरुवात करायची तर ती एक्सेल फाइल आहे. प्रत्येक ऑर्डरची तारीख, डिस्पॅचची तारीख, करपूर्व बिल, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची किंवा दिलेल्या सुटीची बिलातून वजावट), जमा रक्कम आणि त्यावरचे कमिशन अशा ओळी त्यात आहेत, आणि महिनाअखेरीस प्रत्येक प्रतिनिधीचे वेगळे स्टेटमेंट निघते. आमच्याकडे आधी प्रतिनिधीला फक्त एकच आकडा कळवला जायचा आणि तो आकडा कसा आला हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानले जायचे. हिशेब मागण्याचा हक्क काही ठिकाणी कायद्यानेच दिलेला आहे हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हते. जर्मनीच्या व्यापारी संहितेतील ८७सी हे कलम कमिशनचा हिशेब दरमहा, आणि वाढवून मुदत दिली तरी जास्तीत जास्त तीन महिन्यांनी, देण्याची सक्ती करते. प्रतिनिधीला वहीतील नोंदींचा उतारा मागता येतो आणि हे हक्क कराराने काढून घेता येत नाहीत. मूळ तरतूद स्वतंत्र व्यापारी प्रतिनिधींसाठी असली, तरी त्याच संहितेचे ६५ वे कलम ती कमिशनवर काम करणाऱ्या नोकरदारांनाही लागू करते. संचातील स्टेटमेंट या कसोटीला बऱ्यापैकी उतरते, आणि पहिल्या तीन महिन्यांतच आमच्याकडील तक्रारींचा सूर "मला कमी दिले" यावरून "चौथ्या ओळीतील क्रेडिट नोट माझी नाही" असा नेमका झाला. हिशेब ठेवणाऱ्याला यापेक्षा जास्त सुख काय हवे.

मात्र याच फाइलमध्ये एक खोच आहे, आणि ती मला दुसऱ्या महिन्यात लक्षात आली. समजा १० लाखांपर्यंत ३ टक्के आणि त्यावर ५ टक्के असे स्लॅब आहेत आणि एखाद्याची विक्री १२ लाख झाली. पहिल्या १० लाखांचे ३०,००० आणि वरच्या २ लाखांचे १०,००० असे धरले तर कमिशन ४०,००० होते. १० लाखांचा टप्पा ओलांडला की संपूर्ण विक्रीवर ५ टक्के, असा अर्थ लावला तर ते ६०,००० होते. फाइलमध्ये दोन्हींपैकी एक पर्याय निवडता येतो आणि काहीच निवडले नाही तर ती पहिला धरून चालते. करारातील वाक्य मात्र एवढेच आहे : "१० लाखांच्या वर विक्री झाल्यास कमिशनचा दर ५ टक्के राहील." हे वाक्य कोणताही प्रतिनिधी दुसऱ्या अर्थाने वाचेल आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही, कारण संदिग्ध शब्दांचा अर्थ लावताना ते शब्द ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, हे करारांच्या कायद्यातील जुने आणि अनेक देशांत पाळले जाणारे तत्त्व आहे. २०,००० चा फरक एका शब्दावर अवलंबून आहे, आणि तो शब्द एक्सेलमध्ये आहे, करारात नाही.

आता मुख्य दोषाकडे. पगार अधिक कमिशन या मसुद्याच्या चौथ्या पानावर असे वाक्य आहे : "ग्राहकाकडून संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर, आणि त्या तारखेस कर्मचारी कंपनीच्या सेवेत असल्यास, कमिशन देय होईल." वरवर पाहता यात वावगे काही वाटत नाही, कारण पैसेच आले नाहीत तर कमिशन कुठून द्यायचे, हा मालकाचा प्रश्न रास्त आहे. परंतु कमिशनच्या बाबतीत तीन वेगळे क्षण असतात : ते कमावले जाते तो, ते देय होते तो आणि ते प्रत्यक्ष अदा केले जाते तो. मसुद्यातील वाक्य पहिल्या क्षणाविषयी चकार शब्द काढत नाही आणि तिन्हींची मोट एकाच तारखेला बांधते. माझा पहिला प्रसंग त्यात घालून पाहिला. प्रतिनिधीने मार्चमध्ये ऑर्डर आणली, माल मेमध्ये गेला, त्याने जूनमध्ये राजीनामा दिला आणि पार्टीचे पैसे जुलैमध्ये आले. ग्राहक शोधणे, दर ठरवणे, ऑर्डर घेणे हे त्याचे सगळे काम मार्चमध्येच संपले होते, राहिले होते ते फक्त कंपनीचे आणि पार्टीचे काम. तरीही या मसुद्याप्रमाणे त्याला काहीच मिळत नाही, आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर त्या ऑर्डरचा उल्लेखही येत नाही.

हा प्रसंग माझ्या ओळखीचा आहे, कारण पूर्वीच्या एका नोकरीत तो माझ्यावरच आला होता. तेव्हा मी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचले, त्यात असेच एक वाक्य सापडले आणि मी गप्प बसले. कायद्यात या वाक्याला इतका सरळ मान नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका कमिशनच्या खटल्यात हाच मुद्दा हाताळला. न्यायालयाने म्हटले की कमिशन नेमके केव्हा कमावले गेले हे दोन्ही पक्ष कराराने ठरवू शकतात, आणि ते कमावले जाण्याआधी कोणत्या वजावटी होतील हेही ठरवू शकतात, पण असा करार नसेल तर घेण्यास तयार आणि समर्थ असा ग्राहक विक्रेत्याने आणून उभा केला त्या क्षणी कमिशन कमावले गेले असे धरायचे. मालकाला मोकळीक आहे, पण ती शब्दांत वापरली तर. आपल्या संचाने ती वापरलेलीच नाही. जर्मनीच्या संहितेतील ८७ व्या कलमात आणि स्वतंत्र व्यापारी प्रतिनिधींविषयीच्या युरोपीय समुदायाच्या १९८६ च्या निर्देशात तर संबंध संपल्यानंतर झालेल्या व्यवहारावरही, तो मुख्यतः त्या प्रतिनिधीच्या प्रयत्नामुळे आणि वाजवी मुदतीत झाला असेल तर, कमिशनचा हक्क मान्य केलेला आहे.

आणि माणूस स्वतः गेला नसून त्याला घालवले असेल तर? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा ऑर्व्हिल फॉर्च्यून नावाचा विक्रेता २५ वर्षे नोकरीत होता. त्याच्या विभागातून कंपनीला सुमारे ५० लाख डॉलरची ऑर्डर मिळाली आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच्या हाती बडतर्फीचे पत्र पडले. करारानुसार कंपनीला त्याला कधीही काढता येत होते आणि कमिशनची वाटणीही कराराच्या अक्षराला धरूनच झाली होती. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निकाल दिला की करार सचोटीने पाळण्याची अध्याहृत जबाबदारी मालकावर असते, आणि हाताशी आलेले कमिशन बुडवण्यासाठी नोकरीवरून काढणे हा तिचा भंग आहे. सगळ्या देशांत किंवा अमेरिकेच्याही सगळ्या राज्यांत असाच निकाल लागेल असे नाही, "त्या तारखेस सेवेत असल्यास" हे कलम काही न्यायालयांत टिकते, काहींत टिकत नाही. म्हणूनच चाळीस पानांच्या मार्गदर्शिकेने त्यावर निदान एक परिच्छेद खर्च करायला हवा होता. तिथे या कलमापुढे कंसात फक्त "प्रमाणित" एवढाच शब्द आहे.

दुसरा प्रसंग परत आलेल्या मालाचा. मसुद्यात परतवसुलीचे कलम आहे आणि असायलाच हवे. रद्द झालेल्या विक्रीचे कमिशन प्रतिनिधीने ठेवून घ्यावे, असे प्रतिनिधीसुद्धा क्वचितच म्हणतात. पण कलमाची भाषा पाहावी : ग्राहकाने माल परत केल्यास, रक्कम थकवल्यास "किंवा अन्य कोणत्याही कारणाने विक्रीचे मूल्य घटल्यास" दिलेले कमिशन पुढील पगारातून वळते करून घेता येईल, आणि त्याला कालमर्यादा नाही. अन्य कोणत्याही कारणात कंपनीने उशिरा पाठवलेला माल आला, चुकीचा पाठवलेला माल आला, वरिष्ठांनी परस्पर दिलेली सूटही आली. वर उल्लेख केलेल्या १९८६ च्या निर्देशात याची रेषा फार नेटकी आखली आहे : व्यवहार पूर्ण होणार नाही हे सिद्ध झाले आणि त्यात मालकाचा दोष नसला, तरच कमिशनचा हक्क संपतो. ग्रेट ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात, कायद्याचा किंवा कराराचा आधार अथवा कामगाराची आगाऊ लेखी संमती यांपैकी काही असल्याशिवाय वेतनातून कपात करता येत नाही, आणि घटना घडून गेल्यावर घेतलेली संमती चालत नाही. कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये निमन मार्कस या दुकानसाखळीविरुद्धचा निकाल तर मला आमच्या एका जुन्या पद्धतीची आठवण करून देऊन गेला. परत आलेला माल कोणी विकला होता हे कळत नसेल तेव्हा त्याचे कमिशन त्या विभागातील सगळ्या विक्रेत्यांकडून वाटून कापण्याची तिथे पद्धत होती, आणि न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. धंद्यातील नेहमीचे नुकसान नोकरांच्या वेतनावर ढकलता येत नाही, असा त्यामागचा विचार आहे. आमच्याकडेही अशा बेवारस क्रेडिट नोटा सर्वांत समान वाटल्या जात, आणि संचाच्या एक्सेल फाइलमध्ये त्यासाठी चक्क एक रकाना आहे.

उचल अधिक कमिशन हा मसुदा आमच्या कामाचा नव्हता, तरी वाचला. दरमहा ठरावीक रक्कम उचल म्हणून द्यायची आणि कमिशनमधून ती वळती करायची, इथवर ठीक आहे. कमिशन उचलीपेक्षा कमी पडले तर उरलेली रक्कम पुढे ओढायची की सोडून द्यायची, आणि माणूस नोकरी सोडून गेला तर ती त्याच्या अंगावर कर्ज म्हणून राहते की नाही, हे दोन प्रश्न मात्र मसुद्याने रिकामे ठेवले आहेत. ईमेलने विचारल्यावर दुसऱ्याच दिवशी चांगले, मुद्देसूद उत्तर आले : परतफेडीची आणि बिनपरतफेडीची अशी दोन पर्यायी वाक्ये, आणि कोणत्याही महिन्यात प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम किमान वेतनाच्या खाली जाऊ देऊ नये, ही सूचना. सेवेतील माणसे जाणकार आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना ठाऊक असलेले मसुद्यात का उतरत नाही, याचे मात्र कोडे आहे.

तिसऱ्या प्रसंगाचे, म्हणजे वर्षाच्या मध्यावर दर बदलण्याचे, उत्तर करारात एका ओळीत आहे : "ही योजना कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार मॅनेजमेंटला राहील व त्याबाबत मॅनेजमेंटचा निर्णय अंतिम राहील." दर पुढच्या ऑर्डरींसाठी बदलणे आणि आधीच आणलेल्या ऑर्डरींना नवा दर लावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले मालकाच्या अखत्यारीत येऊ शकते, दुसऱ्यात कमावलेल्या वेतनालाच हात घातला जातो. या ओळीत तो फरक नाही. लेखी कराराविषयी मार्गदर्शिकेत "शक्यतो लेखी करार करावा" असा सल्ला आहे, तोही अपुरा वाटतो, कारण काही ठिकाणी ही सक्ती आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१३ पासून कमिशनचा करार लेखी हवा, तो मोजण्याची व देण्याची पद्धत त्यात हवी, सही केलेली प्रत कर्मचाऱ्याला द्यायला हवी आणि मिळाल्याची पोच घ्यायला हवी. कराराची मुदत संपूनही काम चालू राहिले तर नवा करार होईपर्यंत किंवा नोकरी संपेपर्यंत जुन्याच अटी लागू असल्याचे धरले जाते. न्यूयॉर्कच्या श्रम कायद्यातील तरतूद तर मालकांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. श्रम आयुक्तांनी मागूनही मालक लेखी अटी दाखवू शकला नाही, तर विक्रेता ज्या अटी सांगतो त्याच ठरलेल्या अटी असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणजे कागद न करण्यात शहाणपण आहे असे ज्यांना वाटते, ते वाद झाल्यावर समोरच्याच्या शब्दावर अवलंबून राहतात.

मार्गदर्शिकेतील सर्वांत धोकादायक वाक्य मात्र कराराबद्दलचे नाही. सव्विसाव्या पानावर म्हटले आहे की कमिशन हे "ऐच्छिक प्रोत्साहन" असल्याने ते वेतनात मोजले जात नाही आणि कमिशनवरील कर्मचाऱ्यांना ओव्हरटाइमचा प्रश्न येत नाही. यातील पहिला भाग देशागणिक बदलतो, दुसरा भाग जसा लिहिला आहे तसा सपशेल चूक आहे. दर ठरलेला, टार्गेट ठरलेले, सूत्र करारात छापलेले, आणि तरीही रक्कम ऐच्छिक, हे मुळातच जुळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात (तो ९५ व्या क्रमांकाचा आहे) नाव काहीही असो आणि मोजण्याची रीत कोणतीही असो, केलेल्या कामाबद्दल देय असलेला, पैशात मोजता येणारा मोबदला म्हणजे वेतन, अशी व्यापक व्याख्या आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्याने वेतनाच्या व्याख्येत कमिशन हा शब्दच घातला आहे. भारताची वेतन संहिता, २०१९ मात्र उलट वाटेने जाते. ती कमिशनला वेतनाच्या व्याख्येतून वगळते, पण लगेच अट घालते की अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे मूळ पगार ३०,००० आणि कमिशन ५०,००० असेल, तर ८०,००० च्या निम्मे ४०,००० एवढेच वगळता येतात, उरलेले १०,००० वेतनात येतात आणि संहितेपुरते वेतन ४०,००० होते. ज्यांची कमाई मुख्यतः कमिशनवर आहे त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे, आणि मार्गदर्शिकेतील ते वाक्य डोळे झाकून मानणाऱ्या मालकाचे हिशेब पहिल्याच तपासणीत उघडे पडतील.

ओव्हरटाइमचे म्हणाल, तर तो समज बहुधा अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातील एका सवलतीवरून पसरला असावा. ती सवलत फक्त किरकोळ विक्री वा सेवा देणाऱ्या आस्थापनांना आहे, आणि तिथेही कर्मचाऱ्याचा नियमित तासाचा दर लागू असलेल्या किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त हवा, तसेच ठरावीक कालावधीतील त्याची निम्म्याहून अधिक कमाई कमिशनची हवी. कार्यालयाबाहेर फिरून विक्री करणाऱ्यांसाठीची सूट वेगळी, तिच्या अटी वेगळ्या. कमिशन मिळते एवढ्याच कारणाने ओव्हरटाइम जात नाही.

सुट्टीच्या पगाराचा विषय संचात कुठेच नाही, ही उणीव मला आमच्या एका प्रतिनिधीने दाखवून दिली. रजेवर असताना ऑर्डर येत नाहीत, त्यामुळे रजेनंतरच्या महिन्यांत कमिशन घसरते, आणि मग माणूस रजाच घेत नाही. हाच युक्तिवाद ब्रिटिश गॅसमधील विक्री सल्लागार जो लॉक यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयापुढे आला होता. त्यांच्या कमाईत कमिशनचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक होता. न्यायालयाने २२ मे २०१४ रोजी निर्णय दिला की रजेच्या पगारात केवळ मूळ पगार धरला तर कामगार रजा घेण्यापासून परावृत्त होतो, म्हणून त्यात कमिशनही विचारात घेतले पाहिजे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही हा नियम टिकवला, आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कमिशनचा उल्लेख स्वतःच्या नियमांत केला. ज्या देशात असा नियम नाही तिथल्या मालकावर हे बंधन नाही हे खरे, पण करार लिहायला बसलेल्याने निदान प्रश्न तरी विचारावा.

स्वतंत्र प्रतिनिधीच्या मसुद्याबद्दल फार लिहीत नाही. त्यात कामाचे तास कंपनी ठरवते, रोजचा अहवाल कंपनी मागते, दुसऱ्या कोणाचा माल विकायला मनाई आहे, आणि शेवटी लिहिले आहे की उभय पक्षांत मालक-नोकर असे नाते नाही. कागदावर काय नाव दिले यापेक्षा काम प्रत्यक्षात कसे चालते यावरून नाते ठरवावे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या शिफारशीतही आहे आणि अनेक देशांच्या न्यायालयांच्या सवयीतही. हा मसुदा वापरू नये, एवढेच सांगते.

ईमेल सेवेला मी वर्षभरात तीन प्रश्न विचारले. उचलीच्या उत्तराबद्दल वर सांगितले. स्लॅबच्या वाक्याबद्दल विचारले तेव्हा "एक्सेलमधील निवड हाच कराराचा भाग समजावा" असे उत्तर आले. प्रतिनिधीला ती फाइल दिसतच नाही, हे लिहून पाठवल्यावर त्यांनी माझे म्हणणे मान्य केले आणि पुढील आवृत्तीत सुधारणा करू असे कळवले. तिसरा प्रश्न चौथ्या पानावरील वाक्याचा होता. त्यावर स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा असे उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर ते योग्यच होते, कारण याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. फक्त तो सल्ला मसुद्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवा होता.

आम्ही शेवटी वकिलाकडे गेलोच. त्यांनी मसुद्याचा सांगाडा तसाच ठेवला आणि चार ठिकाणी भाषा बदलली. पार्टीची लेखी ऑर्डर कंपनीने स्वीकारली की कमिशन कमावले गेले, रक्कम जमा होईल त्या प्रमाणात ते देय, आणि पुढील महिन्याच्या पगारासोबत ते अदा, अशी तीन स्वतंत्र वाक्ये आली. नोकरी सोडणाऱ्याच्या फुल अँड फायनलला प्रलंबित ऑर्डरींची यादी जोडायची आणि पैसे येतील तसे कमिशन सहा महिन्यांपर्यंत देत राहायचे, असे ठरले. सहा महिने का, यावर बराच खल झाला. आमच्या पार्ट्या त्याहून जास्त उशीर क्वचितच करतात, हे जुन्या नोंदींवरून दिसले म्हणून तो आकडा धरला. परतवसुली ग्राहकाच्या कारणाने रद्द झालेल्या विक्रीपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती मर्यादित झाली. दर बदलायचा तर महिनाभर आधी लेखी सूचना द्यायची आणि तो फक्त नंतरच्या ऑर्डरींना लावायचा, ही दुरुस्ती मालकांना सर्वांत जड गेली, पण झाली. बेवारस क्रेडिट नोटांचा रकाना मी स्वतः काढून टाकला.

ज्या मालकाकडे आज काहीच कागद नाही त्याने हा संच घ्यायला हरकत नाही, मात्र वकिलाचा खर्च धरूनच त्याची किंमत मोजावी. कमिशनवर काम करणाऱ्याच्या हाती असा करार सहीसाठी आला तर दराचा आकडा नंतर पाहावा आणि आधी "सेवेत असल्यास", "अन्य कोणत्याही कारणाने" आणि "पूर्वसूचनेशिवाय" हे तीन शब्दप्रयोग शोधावेत. सापडले तर सही करण्यापूर्वी लेखी खुलासा मागावा, आणि दरमहाचे स्टेटमेंट, ऑर्डरीचे ईमेल व सही झालेली प्रत कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता, गोपनीयतेच्या अटी सांभाळून, स्वतःकडे ठेवावीत. राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉप जमा होतो आणि मग हिशेब एकट्या कंपनीकडेच उरतो.

वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचा ईमेल आला आणि सोबत नवी आवृत्ती पाहायला मिळाली. स्लॅबच्या वाक्यात "संपूर्ण विक्रीवर" की "वाढीव विक्रीवर" असा पर्याय आला आहे, हे मान्य करायला हवे. सव्विसावे पान होते तसेच आहे, आणि चौथ्या पानावर "कंपनीच्या सेवेत असल्यास" याच्या मागे आता "सक्रियपणे" हा शब्द वाढला आहे, म्हणजे नोटीस पिरियडमध्ये घरी बसवलेला माणूसही बाहेर. मी नूतनीकरण केले नाही. एक्सेल फाइल अजून वापरते.